चाक घसरतं तोवर

८ जानेवारी

सालिनासला पोचलो. ही वही चागो मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या खोलीत खाटेखाली मिळाली. सुरुवातीच्या पानांवर कुणीतरी डॉमिनोचे गुण मांडलेत, ते तसेच ठेवलेत. बोलायला माणूस नसला की मी स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागतो आणि ते बरं दिसत नाही. त्यापेक्षा लिहावं.

इथे येण्याचं कारण बापाची गाडी. बाप गेला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आई मला घेऊन पेनसिल्व्हेनियाला गेली ती परत आली नाही. मागच्या महिन्यात गोदामातली नोकरी सुटली (सुटली म्हणजे मीच जायचं बंद केलं), तेव्हा आई म्हणाली, "नुसता लोळतोस, त्यापेक्षा आपल्या बेटावर जा, तुझा जन्म तिथला. तुझ्या बापाची गाडी सालिनासला चागोच्या गॅरेजात पडली असेल. हवी तर घे, नाहीतर गंजू दे."

गंजलेली नाही. पत्र्याच्या शेडखाली चादर पांघरून उभी होती. जुनी जपानी गाडी, पांढरी. इथे तिला कंपनीच्या नावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'एक-आठ' म्हणतात, इंजिन एक पूर्णांक आठ लिटरचं म्हणून. अर्ध्या बेटाला या गाडीचं वेड आहे.

चागो मिस्त्री सत्तरीचा असेल. वाळवलेल्या माशासारखा माणूस. डोक्यावर रंगाच्या दुकानाची पिवळी टोपी, तिच्यावरची अक्षरं सोलून निघालेली. मी म्हणालो, "नमस्कार. मी नेफ्ताली. इस्माएलचा मुलगा."

त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "देव तुझं भलं करो."

मी मागे वळून बघितलं. कारण आमच्यात हे उत्तर आहे. लहानाने मोठ्याला बघितलं की आधी म्हणायचं, 'आशीर्वाद!' आईबापाला, मामा-काकांना, बाप्तिस्म्याला ज्याने पाण्यावर धरलं त्या पाद्रिनोला. आणि मग मोठ्याने म्हणायचं, 'देव तुझं भलं करो.' फोन उचलला तरी आधी हेच, मग बाकीचं. पण मी मागितलाच नव्हता. परक्या म्हाताऱ्याकडे कोण मागतो? न वाजलेला फोन उचलून हॅलो म्हणण्यासारखं झालं ते.

मग लक्षात आलं, हात गाडीवर होता. गाडीला म्हणाला असणार.

९ जानेवारी

आजही सकाळी मी दार उघडलं आणि तो गाडीखालून म्हणाला, "देव तुझं भलं करो." गाडीवर फारच जीव दिसतो.

माझा बेत असा. मार्चच्या पहिल्या रविवारी इथल्या गाड्यांच्या धावपट्टीवर सरळ रेषेतली शर्यत आहे, दोन-दोन गाड्यांची, मूळ गिअरबॉक्सवाल्यांची. इंजिनाला काय वाट्टेल ते करा, टर्बो लावा, पेट्रोलऐवजी अल्कोहोल पाजा, पण हाताने गिअर टाकायचा बॉक्स कारखान्यातून आला तसाच पाहिजे, आतला दातसुद्धा बदललेला चालत नाही. बापाचा बॉक्स तसाच आहे. त्याच्या बोल्टांवर लाल ठिपके आहेत, शिक्का असावा तसे. मिस्त्री म्हणाला, ते बापाने लावलेत. बोल्ट कुणी हलवला तर ठिपका तुटतो आणि कळतं. बापाने बंद केल्यापासून तो बॉक्स कुणी उघडलेला नाही.

एकदा ती शर्यत धावायची. मग गाडी विकून ओरलँडो. तिथे एका ओळखीच्याकडे नौका धुवायची कामं आहेत.

शर्यत का धावायची, ते मलाही नीट सांगता येत नाही. बापाचा आवाज मला आठवत नाही. फोटोत तो कायम बॉनेटमध्ये वाकलेला, म्हणजे तोंडही धड माहीत नाही. त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेली एवढी एकच गोष्ट जगात आहे. ती किती पेलते ते बघावं असं वाटतं. बस.

१२ जानेवारी, शनिवार

सकाळी विचित्र प्रकार बघितला. मिस्त्रीने एक-आठची मागची चाकं जॅकवर उचलली, आत बसला, इंजिन चालू केलं आणि एकेक गिअर टाकत गेला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मग उलट. चाकं हवेत फिरतायत, गाडी जागच्या जागी. रेडिओ लावून बसल्यासारखा डोळे मिटून ऐकत होता.

"हे काय?"

"शनिवार आहे," तो म्हणाला.

"दर शनिवारी करता?"

"तेल सगळीकडे पोचलं पाहिजे. एका जागी राहिलं की दात गंजतात."

वीस वर्षं दर शनिवारी. आणि रस्त्यावर एकदाही काढली नाही म्हणे. एवढा चिक्कू माणूस मी बघितला नाही.

दुपारी समोरच्या भिंतीवर एक मोठा इग्वाना बसला होता, त्याच्याकडे बघत तास कसा गेला कळलं नाही. शेपटी अर्धी तुटलेली होती. राग आल्यासारखा मान हलवायचा. त्याला पाव टाकला, खाल्ला नाही.

२० जानेवारी, रविवार

रविवार वाईट. अख्खं गाव समुद्रावर जातं, गाडीच्या डिक्कीत पातेली, मागे खुर्च्या बांधलेल्या. मला कुणी ओळखत नाही. मी नेरेइदाबाईच्या टपरीवर जातो. ती माशाचे पास्तेलियो तळते, मैद्याची पारी दुमडून कडा दाबलेले, आत मासा. पन्नाशीची बाई आहे. तिच्या टपरीपुढे रविवारी सगळी एक-आठवाली मंडळी जमतात आणि वर्षानुवर्षं एकच वाद घालतात. मूळ गिअरबॉक्स किती घोडे, म्हणजे इंजिनाची किती हॉर्सपॉवर, पेलतो?

"अडीचशे. त्याच्या वर गेलास की झाडूने गोळा कर."

"हट्! माझ्या चुलतभावाचा साडेतीनशेवर चालतो."

"तुझा चुलतभाऊ चालतो का आधी?"

"चारशे! आग्वादियाला एकाने चारशे काढले. मी डोळ्यांनी बघितलं."

"डोळ्यांनी घोडे मोजलेस? शेपट्या धरून?"

हसले सगळे. मीही हसलो, पण मला कुणी विचारलं नाही. कारखान्यातून निघाली तेव्हा या गाडीच्या इंजिनाला सत्तर-ऐंशी घोडे असतील. बॉक्स तेवढ्यांसाठीच बनवलेला. आता प्रत्येकाच्या चुलतभावाकडे त्याच्या चौपट आहेत.

वाल्देमार नावाच्या पोराशी ओळख झाली. ग्वायामाचा. सोन्याचा दात, मोठं तोंड. म्हणाला, "भावा, इस्माएलची पांढरी तूच घेऊन येणार? मग बघायलाच येतो." बापाचं नाव असं परक्या तोंडून ऐकायची मला सवय नाही.

परत येऊन मिस्त्रीला विचारलं, "खरं सांगा, किती पेलतो?"

"कोण?"

"बॉक्स."

"ते बॉक्सला विचारायचं नसतं," म्हणाला आणि हात धुवायला गेला. सरळ उत्तर देईल तर शपथ.

१ फेब्रुवारी

टर्बो बसवला. म्हणजे मिस्त्रीने बसवला, मी पाने दिले. बापाने जमवलेला सगळा सांगाडा वरच्या फळीवर तेलकट कागदात गुंडाळून ठेवलेला होता. अर्ध्यावर राहिलेलं काम. मिस्त्री ते पुढे नेत होता, जसं काही मधे कुणी जेवायला गेलं होतं आणि आता परत कामाला लागलेत.

लेथच्या वर एक फोटो आहे. काळ्या केसांचा मिस्त्री, अंगावर न शोभणारा कोट, हातात पांढऱ्या लांब झग्यातलं बाळ, खाली बाप्तिस्म्याचं कुंड. शेजारी आणखी एक माणूस आहे पण तो चौकटीत अर्धा कापला गेलाय, नुसता खांदा दिसतो. मुलगा असेल मिस्त्रीचा. गेला असेल न्यूयॉर्कला, फोन करत नसेल. विचारलं नाही. कशाला म्हाताऱ्याची खपली काढा.

नेरेइदाबाईला मात्र विचारलं, "चागोला मुलं किती?"

"एकही नाही."

"मग तो फोटोतला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. झारा तेलात तसाच. मग म्हणाली, "तुला मासा तिखट हवा की साधा?"

गेलं असेल बिचारं बाळपणीच. बरं झालं मिस्त्रीला विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

वाढदिवस. कुणाला सांगितलं नाही. आईचा सकाळी फोन आला. "आशीर्वाद, आई." "देव तुझं भलं करो, बाळा." मग नेहमीचं, तिथे बर्फ किती, माझं जेवण किती. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायला लागली. असं का होतं?

दुपारी मिस्त्री बशी घेऊन आला. नारळाच्या दुधाची थरथरती वडी, वर दालचिनी. "बायको गेल्यापासून केली नव्हती," म्हणाला. "आज उगाच हात गेला." बशी ठेवली आणि दारातच घुटमळला. मी थँक्यू म्हणालो. तो म्हणाला, "देव तुझं भलं करो," आणि गेला. गाडी पलीकडे शेडमध्ये होती, पण तिथून दिसते.

वाढदिवसाला नेमकी वडी. योगायोग म्हणजे किती!

वडी जरा जास्त गोड होती. सगळी खाल्ली.

१७ फेब्रुवारी, रविवार

धावपट्टीवर पहिली चाचणी. मिस्त्री आला नाही. बाप गेल्यापासून तिकडे फिरकत नाही म्हणे.

तिथे एकेका गाडीमागे अख्खं कुटुंब. एक काका टायरची हवा बघतो, एक पोरगी काच पुसते, आजी छत्रीखाली, मेहुणा भात वाढतोय. मी एकटाच. गाडी ओढायला, ढकलायला, लाल-हिरव्या दिव्यापुढे सरळ लावायला, सगळ्याला मीच. शेजारच्या गटाकडून एक बाई ताट घेऊन आली, "एकटा आहेस का रे?" मी म्हणालो, माझी मंडळी येतायत. का म्हणालो कोण जाणे.

मिस्त्रीने टर्बोचा दाब ठेवला होता त्यावर तीनशेच्या वर घोडे असतील. हिरवा दिवा लागला आणि मी पाय दाबला. गाडी जागेवरच उभी, मागे नुसता धूर! दुसऱ्यात टाकली, तरी धूर. तिसऱ्यात कुठे जमिनीला लागली. लोक टाळ्या वाजवून हसत होते. वाल्देमार ओरडला, "भावा, गाडी आणलीस की डास मारायचं मशीन?"

पण बॉक्स! लोण्यासारखा. एकही कुरबुर नाही. तीनशेवर!

परत येऊन मिस्त्रीला सांगितलं, "बघा, पेलतो. अडीचशे म्हणणारे खोटे."

तो म्हणाला, "टायर साधे होते ना?"

"हो. म्हणूनच हरलो."

"म्हणूनच बॉक्स घरी आला," तो म्हणाला.

२८ फेब्रुवारी

भांडण झालं. झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

वाल्देमारने त्याचे जुने शर्यतीचे टायर दिले, वापरून परत दे म्हणाला. रुंद, नक्षी नसलेले, गरम झाले की रस्त्याला डिंकासारखे चिकटतात. मी लावत होतो तेवढ्यात मिस्त्री आला.

"काढ ते."

"का?"

"बॉक्स ताकदीने मोडत नसतो, पोरा. पकडीने मोडतो. चाक घसरतं तोवर सगळा धक्का रस्त्यावर सांडतो, बॉक्सला काही कळतही नाही. तीनशे घाल, चारशे घाल. पण चाकाने एकदा जमीन घट्ट धरली की तो धक्का जाईल कुठे? आत जाईल. तिथे दात आहेत."

"मग किती पेलतो ते सांगा ना एकदा!"

"घसरला तर कितीही. धरलं तर कुणी सांगावं."

मी चिडलो. म्हणालो, "म्हणजे काय आयुष्यभर नुसतं घसरतच राहायचं?"

तो थांबला. टोपी काढून डोकं खाजवलं. "मी टायरचं बोलतोय," म्हणाला. "तू कशाचं बोलतोयस?"

मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "गाडी माझ्या बापाची आहे, तुमची नाही. तुम्ही वीस वर्षं नुसती हवेत फिरवलीत."

हे म्हणायला नको होतं असं आता वाटतंय. त्याने टोपी घातली आणि पावडर टाकून हात धुवत राहिला, स्वच्छ झाले तरी धुवत राहिला.

खरं तर मला घसरायची सवय आहे. ॲलनटाऊनचं गोदाम, त्याआधी रीडिंगची बेकरी, मधे कॅम्डेनला एक मुलगी, योलीमार. कुठेच हिवाळा संपेपर्यंत राहिलो नाही. पण कुठे काही मोडलं असंही नाही, कुणी रडलं नाही, कुणी दार आपटलं नाही. म्हणजे वाईट काय त्यात?

संध्याकाळी तो म्हणाला नाही. देव भलं करो. पहिल्यांदाच. गाडीवर रुसला असेल.

३ मार्च, रविवार

मोडला.

सगळं लिहितो. सकाळी मी एकटाच गाडी घेऊन निघालो. मिस्त्रीची निळी व्हॅन दारात उभी होती, तो दिसला नाही. मी हाक मारली नाही.

माझी पहिली फेरी ऊन चढल्यावर लागली. बाजूला माउनाबोची एक हिरवी एक-आठ. मी पाणी टाकून टायर जागच्या जागी फिरवले, धूर काढत गरम केले, ते चिकटायला लागले तसं पाठीला कळलं. काहीतरी वेगळंच. गाडी जमिनीला टेकून उभी आहे असं पहिल्यांदा वाटलं. आतापर्यंत तरंगत होती की काय?

हिरवा दिवा. क्लचवरचा पाय सोडला आणि कुणीतरी मागून उचलून फेकल्यासारखा गेलो. धूर नाही. काही नाही. पहिला. दुसरा. हिरवी गाडी माझ्या खिडकीतून मागे गेली. माझ्या तोंडातून आवाज निघाला, ओरडलो की हसलो देव जाणे. बापाला बोलावलं असेल. कुणी नसतं तेव्हा माणूस काहीही ओरडतो.

तिसरा टाकला.

बादलीभर खिळे दगडी जिन्यावरून ओतावेत तसा आवाज. मग इंजिन मोकळंच किंचाळलं आणि गाडी नुसती वाहत राहिली, वेगात, पण कुणाचीच नसल्यासारखी. हिरवी गाडी पुढे गेली. मी पट्टीच्या कडेला थांबलो. खाली तेलाचा थेंब, मग दुसरा.

कुंपणापाशी लोक उभे होते. त्यात एक पिवळी टोपी दिसली, रंगाच्या दुकानाची. पण तशा टोप्या ते दुकान फुकट वाटतं, निम्म्या सालिनासकडे असतील.

गाडी ढकलायला लागलो. एका हाताने स्टिअरिंग, खांदा दाराला. हलेना. डोळ्यांत घाम गेला (घामच होता). मग एकदम हलकी झाली आणि चालायला लागली. उतार लागला असेल. फाटकाजवळ मागे बघितलं तर डिक्कीवर दोन काळे पंजे उमटलेले होते, ग्रीसचे. पट्टीवरची माणसं असतील. कुणीतरी आधीच मोडक्या गाड्या वाहून नेणारा ट्रकवाला सांगून ठेवला होता. तो म्हणाला, "चागोकडेच ना?"

गॅरेजला आलो तेव्हा मिस्त्री खुर्चीत बसून शेंगा सोलत होता. व्हॅनच्या बॉनेटला हात टेकला तर चटका बसला. उन्हात उभी असते दिवसभर.

४ मार्च

सकाळी बॅग भरली. ओरलँडोवाल्याला निरोप पाठवला. मला निरोप घेता येत नाही, मी नुसता निघतो. म्हणून बॅग खांद्यावर टाकून शेडच्या मागच्या बाजूने चाललो होतो.

गाडी जॅकवर होती. बॉक्स अर्धा सोडवलेला. खालून आवाज आला, "बॅग ठेव आणि दिवा धर."

मी म्हणालो, "माझी विमानतळाची बस चुकेल."

"मग एका हाताने धर."

बॅग ठेवली. बॉक्स त्याने छातीवर घेतला, मी दुसरं टोक धरलं, टेबलावर आणला. मग पाना घेऊन तो त्या लाल ठिपक्यांपुढे थांबला. शेवटी पाना माझ्या हातात दिला. "तू उघड."

पहिला ठिपका कुडकन तुटला. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. सगळे बोल्ट काढले, दोन अर्धुकं वेगळी केली. तिसऱ्या गिअरचे दात गेले होते, तळाशी तेलात पडले होते, मुलांच्या दुधाच्या दातांसारखे.

"किती घोडे होते काल?" मी विचारलं.

"तीनशे वीसच्या आसपास. ते पेलले त्याने. धरणं पेललं नाही." मग दोन बोटांत एक तुकडा उचलून उजेडात धरला. "वाईट नाही मोडला. स्वच्छ मोडलाय. असा मोडला की बदलता येतो."

आणि मग त्याने दोन अर्धुकांमधला कागद सोलला, तेल गळू नये म्हणून घालतात तो. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा होता! आतल्या बाजूला अजून निळी अक्षरं दिसत होती. आणि कापलेला इतका वाकडा, की एका कोपऱ्यात बाहेर आलेला, दुसऱ्यात आखूड.

मिस्त्री हसायला लागला. हसता हसता टेबलाला धरावं लागलं त्याला. "इस्माएल! अरे, शेवटपर्यंत कात्री धरता आली नाही रे तुला. मी म्हणालो होतो, दे मी कापतो. ऐकलं नाही."

मी तो पुठ्ठा हातात घेतला. बापाचा आवाज नाही, तोंड नाही, पण वाकडी कात्री आहे. एवढा वेळ मला वाटत होतं की आत काहीतरी भारी असेल.

बस चुकली. उद्या जाईन.

५ मार्च

मिस्त्रीने फळीखालून तांदळाचं पोतं ओढलं. आत तेलकट कागदात तिसरे गिअरच गिअर. भंगारातून, पुरातल्या गाड्यांतून, कुठून कुठून काढलेले.

"एवढे तिसरेच का?"

"तिसराच मोडतो."

"पण तुम्ही तर गाडी चालवतच नाही. मोडणार कोण होतं?"

तो गिअर पुसत राहिला. "येणार होतं कुणीतरी," म्हणाला.

मला पुठ्ठा कापायला बसवलं. नवीन बिस्किटांचा खोका, पेन्सिलने आखलं, जपून कापला. टेबलावर ठेवला बापाच्या शेजारी. मिस्त्री दोन्हीकडे बघत राहिला. डावीकडचा कोपरा माझाही बाहेर आला होता, तसाच, तिथेच.

तो एकदम पाण्याची टाकी भरली का ते बघायला गेला. टाकी पहाटेच भरली होती. बराच वेळ आला नाही.

तेवढ्यात आईचा फोन. मी सगळं सांगितलं, मोडलेलं, उघडलेलं, पुठ्ठ्याचं. लाल ठिपक्यांचं सांगितलं तर म्हणाली, "ती माझी नेलपॉलिश. चोरायचा मेला." मग विचारलं, "चागो बरा आहे का?"

"बरा आहे. गाडीशी बोलतो. रोज सकाळी तिला म्हणतो, देव तुझं भलं करो."

पलीकडे नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"नेफ्ताली," आई म्हणाली, "गाडीला कोण आशीर्वाद देतं रे, गाढवा? तो तुझा पाद्रिनो. त्यानेच तुला पाण्यावर धरलं. तुझा बाप गेला तेव्हा मीच त्याला सांगितलं, आमच्या मागे येऊ नको, पत्र नको, फोन नको. मला त्या गॅरेजचा वास सहन होत नव्हता तेव्हा. त्याने शब्द पाळला. मला वाटलं विसरला असेल." मग म्हणाली, "तू मागितलास का कधी?"

मी म्हणालो, नाही.

लेथवरच्या फोटोकडे बघत बसलो. अर्धा कापलेला तो खांदा. आणि ते झग्यातलं बाळ, तोंड वेडंवाकडं करून रडणारं. मी त्याला मेलेलं समजलो होतो.

वही मागे चाळली. रोज लिहून ठेवलंय मी, स्वतःच्या हाताने. आणि बॅग अजून दाराशी आहे. काय करावं कळत नाही. राहिलो आणि नाही जमलं तर? आधी कधी राहून बघितलेलं नाही, त्यामुळे काय काय मोडतं ते माहीत नाही.

६ मार्च, राखेचा बुधवार

सकाळपासून गावात सगळ्यांच्या कपाळावर फादरने अंगठ्याने ओढलेला राखेचा क्रूस. शाळेची पोरं, बसचा ड्रायव्हर, बँकेतली बाई. मी देवळात गेलो नाही. मला जाऊन बरीच वर्षं झाली.

शेडमध्ये आलो. मिस्त्री गाडीखाली, नुसते बूट बाहेर. बॉक्स परत वर चढवत होता. मी काल कापलेला वाकडा पुठ्ठाच आत घातलाय त्याने, नवीन कापला नाही. कोपरा बाहेर दिसतो.

माझ्या येण्याची चाहूल त्याला लागली असणार, पण आज तो काही म्हणाला नाही. गुरुवारच्या भांडणापासून म्हणालेला नाही. पाना फिरत होता, किर्र, किर्र.

मी बुटांजवळ उभा राहिलो. एवढासा शब्द, फोनवर रोज म्हणतो.

"आशीर्वाद, पाद्रिनो."

पाना थांबला.

उत्तर येईना. इतके दिवस न मागता देत होता आणि आता मागितलं तर गप्प! मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग वाटलं, उशीर झाला. परत म्हणायचं धाडस होईना. बाहेर कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवत होता.

मग खालून एक हात बाहेर आला. काळा, ग्रीसने माखलेला, उघडा. पाना हवा असेल म्हणून मी टेबलावरचा दहाचा पाना त्यात ठेवला. हाताने तो पाना बाजूला फरशीवर ठेवला आणि परत तसाच उघडा होऊन थांबला.

मी गुडघ्यांवर बसलो. मग वाकलो. हात चाचपडत माझ्या तोंडाला लागला, नाकाला, भुवईला, आणि अंगठ्याने कपाळावर आधी उभी रेघ ओढली, मग आडवी. आवाज आला तो बसलेला होता.

"देव तुझं भलं करो, पोरा." मग जरा थांबून, "आता पाना दे. दहाचा नाही. बाराचा."

दुपारी टपरीवर गेलो. नेरेइदाबाईने माझ्याकडे बघितलं, झारा खाली ठेवला आणि ॲप्रनला हात पुसत राहिली.

"कुठल्या देवळात गेला होतास रे? आमच्या फादरची राख एवढी काळी नसते."

मी म्हणालो, मासा तिखट द्या. दोन. एक बांधून.

ग्रीस साध्या साबणाने जात नाही. त्याला ती हात धुवायची पावडर लागते, मिस्त्रीची. मोरीत डब्याजवळ जाऊन आलो. राहू दे आज.